पकड

ऑक्टोबरात पुंता अरेनासला वारा सुटतो
तेव्हा चौकाच्या कोपऱ्यांवर दोर बांधतात.
माणसं दोर धरून रस्ता ओलांडतात,
टोपी काखेत, मान खाली.
ज्याला दोर सापडत नाही
तो शेजारच्याचा हात धरतो, ओळख नसली तरी.

हे सांगायचं कारण,
आज दुपारी काचपट्टीवर मी तेच पाहिलं.

नमुना एलेउतेरियो बार्रिआ यांचा, वय एकाहत्तर,
चाळीस वर्षं मेंढ्या भादरल्या.
आतड्यातली गाठ, मसुराएवढा तुकडा.
सांतियागोहून आलेलं रसायन टाकलं, दिवे मालवले,
आणि काळोखात पेटल्या
बारीक लाल सुया, दोन्ही टोकांना निमुळत्या.
मी ओळखते हे जिवाणू. हे इथले नव्हेत.
तोंडातले.

दाताच्या मुळाशी, हिरडीच्या घडीत त्यांचं घर,
ब्रश पोचत नाही, जीभही विसरते तिथे.
तोंडात लाळ अखंड वाहते,
जो धरणार नाही तो गिळला जातो.
म्हणून त्यांच्या अंगभर प्रथिनं,
दोर चाचपणाऱ्या बोटांसारखी.
एकानं हा शेजारी धरायचा, दुसऱ्यानं तो.
अशी वस्ती उभी राहते. यात वाईट काय?
मीही वस्तीतच वाढले,
खेकड्यांच्या कारखान्यामागे, पत्र्याला पत्रा लागून.

वाईट पुढे आहे.
आपल्या पेशी एकमेकींचे हात धरून उभ्या असतात,
म्हणून तर कातडी कातडी असते आणि हिरडी हिरडी.
त्या हातांना नाव आहे, कॅडहेरिन.
सुईच्या अंगावरचं एक प्रथिन
नेमका तोच हात धरतं.
दार फोडत नाही.
गुंफलेल्या बोटांत आपलं एक बोट सारतं
आणि पेशीला वाटतं,
आपलंच कुणीतरी.

चंचुप्रवेश म्हणायचा तर एवढाच.
मग फट. फटीतून आत. आत रक्त,
आणि रक्ताला कुठलाच मुलूख परका नाही.

दूर कुठे गाठ वाढत असते,
तिच्या पेशी अंगावर एक साखर मिरवतात.
सुईच्या दुसऱ्या प्रथिनाला ती साखर कळते
आंधळ्याला घरचा उंबरा कळावा तशी.
तिथे ती पुन्हा धरते.
रोग तिनं आणला, की रोगाच्या गोडीनं ती आली,
की दोघांनी मिळून संसार थाटला,
हे मला विचारू नका.
मी काप घेते, रंग देते.
निदान वरच्या मजल्यावर लिहितात.

नाव लिहून घेताना मीच होते खिडकीवर.
कालाफातेच्या फळांनी दात जांभळे.
हिरड्यांतून रक्त येतं का, विचारलं तर हसले.
लग्नापासून येतंय, म्हणाले, बायको गेली, ते राहिलं.
एक दाढ त्यांनी स्वतःच उपटली होती
कुंपणाची तार पिळायच्या पकडीनं.
ओठात एक, पोटात एक
असं असतं तर किती बरं होतं.
ओठात तेच, पोटातही तेच.

सहाला सुटले. सामुद्रधुनीवरून वारा
थेट तोंडावर, दातांत वाळू.
कोपऱ्यावर कुणीतरी माझं मनगट धरलं.
लोकरीच्या तेलानं मऊ झालेला तळवा,
खालून दगड.
बार्रिआच. एक हात दोरावर, एक माझ्यावर.
ओरडून काहीतरी विचारत होते,
रिपोर्ट, की गुरुवार, की दोन्ही,
वाऱ्यानं निम्मे शब्द नेले.
मला ऐकू आलं नाही.
म्हणजे, आलं.

रस्ता ओलांडला. बँकेच्या भिंतीआड वारा पडला होता.
त्यांनी हात सैल केला,
मी केला नाही.
ते माझ्याकडे बघत राहिले, आठवू पाहत,
आपलंच कुणीतरी असावं तसं.