रकाना सात

फॉर्मात सातवा रकाना आहे: नावेचे वय.
पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या काठी,
घोटाभर गाळात उभा राहून मी विचारलं
तर धुरपदाबाई लिंबोरे हसली.
"कुठून मोजू साहेब?
झाड व्हतं तवापासून, का दार व्हतं तवापासून?"

दार म्हणजे चावडीचं.
धरण भरू लागलं तेव्हा माणसांनी चुली नेल्या, देव नेले.
तिच्या सासऱ्यानं, लिंबाजीनं, दार खांद्यावर घेतलं.
लोक म्हणाले, येडं हाय, भिंत नाही अन् दार नेतंय.
त्यानं त्याची नाव केली.
डावीकडची तिसरी फळी बघा,
कडीचं भोक आहे अजून,
बाभळीची खुंटी ठोकून बुजवलेलं.
तिथून पाणी कधीच आलं नाही.
येतं ते दुसरीकडून.

मी लिहीत गेलो. लांबी अठरा फूट. बनावट लाकडी.
शिडाला रकानाच नव्हता.
शीड मांडवाच्या कापडाचं, एका कोपऱ्याला अर्धी झालर.

मागच्या महिन्यात शहरातून एक जण आला होता,
गॉगल कपाळावर, हातात टेप.
अँटिक आहे म्हणाला, चाळीस हजार देतो,
हॉटेलच्या दारात ठेवू, आत माती भरू, मोगरा लावू.
"बुडवायचीच तर माती कशाला," बाई म्हणाली,
"पाणी हाय की इथं."

योजनेत फायबरची नवी मिळते.
अट एकच, जुनी निकामी दाखवायची.
शिक्का माझ्या पिशवीत होता.

"बसा," ती म्हणाली.
दुपारून पश्चिमेचा वारा सुटला होता.
फायबरच्या नावा लाटेवर आपटत चाललेल्या,
ही मात्र लाटेला वाट विचारत गेली.
पाच वांका बदलल्यात, तळाच्या दोन फळ्या,
डोलकाठी तर तिसरी.
पण पाठीचा बाक तोच,
लिंबाजीनं नुसत्या डोळ्यानं धरलेला, कुठं लिहून न ठेवलेला.
नवी फळी आली की शेजारची तिला वाकायला शिकवते.
दर चैतात ही बाई तिला उलटी करते,
काथ्या कोंबते, डांबर फासते,
बोटांनी पोट चाचपते म्हशीचं चाचपावं तसं.
असं कुणी चाचपणारं असलं तरच नाव जुनी होते बहुतेक.
नाहीतर नुसतीच म्हातारी.

मध्यावर तिनं वल्हं उचलून खाली दाखवलं.
"चावडी हितं. इथं आली की जरा थांबते."
मला वाटलं, वारा पडला असेल.
पण शीड भरलेलं होतं.

सातव्या रकान्यात मी लिहिलं: दारासकट.
साहेब विचारतील. विचारू देत.
पायाशी पाणी साचलं होतं.
रंगाचा रिकामा डबा घेतला
आणि उपसायला लागलो.