निरंक

गोंबोरीच्या घाटात, वळण संपता संपता
गाय उभी होती, रस्त्याच्या मधोमध,
आपल्या गोठ्यात उभी असावी तशी.
मी ब्रेक दाबला.
मागच्या लाकडाच्या ट्रकला मात्र थांबायला जमलं नाही.

त्सिअलाची मान एकदा पुढे गेली, एकदा मागे,
कुणाला तरी घाईत हो म्हणावं तशी.
मागच्या सीटवरचं पिठाचं पोतं फुटलं,
गाडीभर पांढरं, तिच्या भुवया पांढऱ्या,
आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.
हसलो, हे मला पक्कं आठवतं.
गाय तोवर निघून गेली होती.

पोलीस म्हणजे मिसरूड फुटलेला पोरगा.
बॉनेटवर कागद ठेवून विचारत होता :
बंपर? गेला.
मागची काच? गेली.
डावा दिवा? तोही.
जखमी?
"कुणी नाही," त्सिअला म्हणाली,
आणि बाहीवरचं पीठ झटकलं.
त्यानं लिहिलं : निरंक.
मी खाली सही केली. मंगळवार होता.

बुधवारी तिनं रोजच्यासारखे तीनशे पाव लावले.
आमची भट्टी विहिरीसारखी, आतून लाल,
कमरेपर्यंत आत ओणवं व्हावं लागतं,
भिंतीला कणीक थापायची आणि श्वास संपायच्या आत वर यायचं.
तीस वर्षं ती अशी आगीत डोकावून परत येते आहे.

गुरुवारी तिच्या अंगावर पट्टा उगवला.
उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत
जांभळा, काठाला हिरवट.
दोन दिवस उशिरा,
जणू शरीरानं तो आत्ता कुठे बांधला.

शुक्रवारी ती आत वाकली आणि वर येईना.
ओरडली नाही.
भट्टीच्या तोंडातून माझं नाव आलं फक्त,
"मालखाझ",
पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात.
मी तिला काखेत धरून उपसली.

तेलावीची डॉक्टरीण म्हणाली, असं होतं.
धक्का आधी येतो, दुखणं मागाहून, त्याच्या सवडीनं.
मी खिशातून तो कागद काढला. का काढला, कुणास ठाऊक.
तिनं वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
घडी घालून परत दिला.

गोचानं सहा दिवसांत गाडी उभी केली.
नवा दिवा, नवी काच, रंगाचा मागमूसही नाही.
पैसे मोजताना मला त्या गाडीचा राग आला.

आणि मग तो गुरुवार, दुसरा.
मी अंगणात लाकडं फोडत होतो,
धूर गल्लीपर्यंत पोचला होता, शेजारीण नाक धरून उभी.
धावत आत गेलो तर
त्सिअला भट्टीशेजारी स्टुलावर, गळपट्टा घालून, पाठ आगीकडे,
हातात लोखंडी आकडा,
मागे चाळीस पाव कोळसा होत असताना
शांतपणे खिडकीबाहेर बघत.
"काय रे, धावतोस कशाला?"

माझ्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा तिला कळलं.
तिनं एक काळा पाव उचलला, नाकाशी नेला,
मग मीठ, मग व्हिनेगर, मग माझ्या सदऱ्याची काख.
प्रत्येक वेळी थोडं थांबून,
दार वाजवून कुणी उघडतंय का बघावं तसं.

आता कणीक मी थापतो. वाकडीतिकडी.
ती मागे बसून विचारते, "कसा येतोय?"
मी म्हणतो, चांगला.
"चांगला म्हणजे काय? नीट सांग."
मी नाक पुढे करतो. शोधतो.
कच्चट आहे अजून, म्हणतो.
आता जरा खमंग.
आता खरपूस, कडेला मात्र —
"काढ!" ती म्हणते. "काढ, काढ, काढ!"

तो कागद अजून काचेच्या कप्प्यात आहे.
पिठाचे डाग पडलेत त्यावर,
माझी सही तेवढी स्वच्छ.
काल रात्री अंधारात तिनं विचारलं,
त्या दिवशी गाडीत, पीठ उडालं तेव्हा,
वास कसा होता?
मला आठवेना.
मी म्हणालो, आपण हसत होतो.
"ते मला माहीत आहे," ती म्हणाली.
"वास विचारतेय."