एक्केचाळीस नंबरचा दिवा

कुताइसीत माझं दुकान तळघरात आहे,
अकरा पायऱ्या उतराव्या लागतात.
त्सित्सिनोबाई त्या मोजत उतरल्या
आणि शेवटच्या पायरीवरूनच म्हणाल्या,
"जोडलेला नको, ओतार. मी जोडणार. तू नुसतं सांग."

वय चौऱ्याहत्तर.
त्यातली एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये,
कानाला हेडफोन, हातात कॉर्ड,
ह्या गावाचा आवाज पोतीला, पोतीचा बातुमीला.

"कॉम्प्युटर कशाला हवाय?"
"नंबर उतरवून ठेवायचेत.
डोक्यात अजून साडेतीनशे आहेत.
माणसं फारशी उरली नाहीत त्यांतली,
पण नंबर ठाण मांडून बसलेत."

केस बंद पडलेल्या बँकेतली,
बोधचिन्ह खरवडलं तरी दिसणारं.
चोवीस पिनांचा जाड कनेक्टर त्यांनी उचलला,
खटका कुठल्या अंगाला ते अंगठ्यानं चाचपलं
आणि रेटला.
बोर्ड किंचित वाकला, मी श्वास धरून.
खट्.
"हं," म्हणाल्या, "हा आवाज माझ्या ओळखीचा."

मग त्या बारीक वायरी,
समोरच्या बटणांच्या, दिव्यांच्या,
टोकाला तांदळाएवढी काळी टोपणं.
बोर्डाच्या कोपऱ्यात दोन ओळींत नऊ पिना,
दहावीची जागा मोकळी,
शेजारी छापलेली अक्षरं मुंगीनं लिहावीत तशी.
माझी बोटंसुद्धा तिथे जाडजूड होतात.
बाईंनी पर्समधून भुवयांचा चिमटा काढला.

"हा कुणाशी बोलतो?"
"बटण बोर्डाशी."
"किती वेळ?"
"क्षणभर. दोन पिना एकमेकींना शिवतात आणि सुटतात. बास."
चिमटा हवेत थांबला.
"आमच्याकडे लोक असंच करायचे.
पोचल्यावर एकच रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचं.
पैसे पडत नसत. घरच्यांना कळायचं.
आम्हालाही कळायचं. आम्ही गप्प."

"बटणाची वायर उलटी लागली तरी चालते," मी म्हणालो,
"दिव्यांची नाही. दिव्याला अधिक-उणे असतं.
उलटा लावला तर जळत नाही, बिघडत नाही,
नुसता पेटत नाही."
"असे एक साहेब होते आमच्याकडे," त्या म्हणाल्या,
आणि पुढचं टोपण उचललं.

सगळं झाल्यावर बटण दाबलं.
पंखे फिरले.
पडदा काळाच.
मी रॅम काढली, फुंकली, परत बसवली.
मॉनिटरची केबल बदलली.
पडदा ताकास तूर लागू देईना.

"रिंग जातेय," त्सित्सिनोबाई म्हणाल्या,
"पण पलीकडे कुणी उचलत नाहीये.
बंद कर. प्लग काढ. बाजूला हो."
आणि पॉवर सप्लायच्या तोंडापासून
एकेक वायर बोटानं धरून
टोकापर्यंत गेल्या, न घाई करता,
जसं बर्फात तुटलेली लाईन शोधत
माणसं जात असतील, खांबामागून खांब.

पाचव्या वायरीला त्यांचं बोट
केसच्या मागच्या पत्र्याआड गेलं
आणि तिथेच राहिलं.
आठ पिनांचा कनेक्टर. प्रोसेसरचा.
वरच्या कोपऱ्यापर्यंत न पोचता
अंधारात लोंबकळत होता.
तो मी ओवायचा होतो, सकाळी, त्या यायच्या आधी.
सोळा वर्षांचं माझं दुकान.
त्या काही बोलल्या नाहीत.
वायर भोकातून माझ्याकडे सरकवली फक्त.

खट्.

या खेपेला पडद्यावर अक्षरं आली.
बाईंनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला,
कीबोर्डवर आकडे कुठे आहेत ते विचारलं
आणि एका बोटानं पहिला नंबर दाबला.
कुणाचा, ते मी विचारलं नाही.

केसच्या तोंडावरचा एक दिवा मात्र काळाच होता.
उलटा लागला असणार.
"उघडू का परत? दोन मिनिटांचं काम."
"चालतंय ना?"
"चालतंय."
"मग असू दे.
आमच्या बोर्डावर एक्केचाळीस नंबरचा दिवा
कधीच लागायचा नाही.
मी अधूनमधून आपली कॉर्ड खुपसून बघायची,
कुणीतरी असायचंच, हॅलो हॅलो करत."