अर्धी रेघ

मार्गशीर्षात आमच्या वडगावात
नळाचं पाणीसुद्धा जरा विचार करून येतं.
अशा पहाटे सायकल बाहेर काढायची म्हणजे
वाकळेशी भांडून माहेरी निघाल्यासारखं,
अर्ध्या वाटेत वाटतंच, चुकलं आपलं.

पण भुजंग धामणेकराच्या दुकानाबाहेर एक पाटी आहे,
पंक्चरच्या घमेल्याच्या वर, जुन्या ट्यूबांच्या माळेखाली.
दोन संघ. पाच-पाच नावं.
माणशी रोजचा एक चौकोन.
निघालात तर खडूची एक रेघ.
नाक्यापर्यंत जा नाहीतर येळ्ळूरच्या गडापर्यंत जा,
रेघ एकच.
"लांबी तुमची तुम्ही मोजा," भुजंग म्हणतो,
"मी उठलेली माणसं मोजतो."

आमचा संघ 'तिसरा गिअर'.
पाचांतल्या चौघांच्या सायकलींना गिअरच नाही.
दस्तगीर रात्रपाळीचा माग थांबवून थेट येतो,
कानांत अजून धोट्याची खटखट.
फिलोमिना टीचर येते, हातमोज्यांच्या जागी पायमोजे घालून.
कचेरीतले शिवबसप्पा माझ्या दारात घंटी वाजवतात,
"नर्मदक्का, बर्री, नडी नडी!"
आणि आतून मी मशीनवरचा ब्लाउज बाजूला सारत,
"आले की हो, गल्ली उठवूलाय काय!"
पाचवा प्रज्वल. त्याला गिअर आहेत, जाग नाही.

थंडीचं मला काही वाटत नाही, असं मी म्हणणार नाही.
वाटतं. डोळ्यांतून पाणी येतं, बोटं ब्रेकवर लाकडं होतात.
मसुरीच्या शेतांवर धुकं बसलेलं असतं
आणि मैलाचा दगड अगदी जवळ गेल्यावरच कळतो.
त्यावर कुठल्या लिपीत काय लिहिलंय
यावरून आमच्याकडे किती काय काय झालं.
आम्ही फक्त आकडा बघतो,
परतायला किती राहिले.
पण खरं सांगू? मी थंडीपेक्षा त्या रिकाम्या चौकोनाला भिते.
सगळ्या गल्लीला दिसतो तो,
पडलेल्या दातासारखा.

पौषात शहापूरच्या 'कुंदा पार्टी'त
बाळाराम कंग्राळकरांचे तीन चौकोन रिकामे गेले.
आम्ही दोन रेघांनी पुढे.
प्रज्वल नाचला. मीही हसले, खोटं कशाला बोलू.
चौथ्या दिवशी मात्र कुणी ठरवलं आठवत नाही,
आमच्या पाच घंट्या त्यांच्या दारात वाजूलाल्या.

मफलरमधून नुसतं नाक बाहेर आलं.
"नको बा आज. गुडघा धरलाय."
दस्तगीर म्हणाला, "तो बैठो पिछे, चाचा."
आणि बासष्ट वर्षांचा माणूस कॅरिअरवर बसला,
दोन्ही पाय एका बाजूला,
लग्नातल्या नवरीसारखा,
धामणे रस्त्याने सबंध वेळ उसाच्या भावाबद्दल बोलत.

भुजंग पाटीसमोर खूप वेळ उभा राहिला.
पॅडल मारलं नाही. पण उठले तर होते.
मग त्याने खडू मोडला
आणि अर्धी रेघ ओढली.

माघ सरेपर्यंत गुडघा तसाच होता,
रोज आमच्यातलं कुणीतरी त्यांना मागे बसवायचं,
रोज अर्धी.
शिवरात्रीच्या आदल्या दिवशी भुजंगाने बेरीज केली,
पुसली, पुन्हा केली.
आम्ही अर्ध्या रेघेने हरलो.

पैजेप्रमाणे रताळी आमच्या खर्चाने आली.
दुकानामागे जुन्या लाकडांवर भाजली,
दहाजणांनी सालासकट फुंकत खाल्ली.
प्रज्वल दोन दिवस दस्तगीरशी बोलला नाही.

पाटी पुसली गेली.
दुसऱ्या दिवशी साडेपाचला मला जाग आली.
काही कारण नव्हतं. दूध संपलं असेल, म्हणून निघाले.
नाक्यावर टीचर उभी, तिला पाव हवे होते.
शिवबसप्पांना पेपर.
दस्तगीरला झोप येत नव्हती म्हणे.
आणि शहापूरच्या बाजूने, धुक्यातून,
बाळाराम कंग्राळकर एका पायाने पॅडल मारत येऊलाते,
"मी सहज," ते लांबूनच ओरडले, "सहज बाहेर पडलोय!"
दुकान बंद होतं.
कुणीच खडू शोधला नाही.