रात्रीची गोळी

बोराटे मॅडमनी कागदावर नळी काढली,
आत पेन्सिलीनं गाळ भरला.
म्हणाल्या, झगडे, तुमच्या पाइपात चरबी साचलीय.
मला हसू आलं.
एकतीस वर्षं पर्वती जलकेंद्रात चावीवाला मी,
पहाटे साडेतीनला दत्तवाडीचं पाणी या हातांनी सुटायचं.

चोंदलेला पाइप फुटतोच असं नाही, मॅडम.
तो कुरकुरतो, लोक फोन करतात.
फुटतो तो भलताच,
वर डांबर, डांबरावर रिक्षा स्टँड,
आणि आतली भिंत महिनोन्‌महिने धुमसत असलेला.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.
अहो, तेच.
गोळी चरबी उतरवते ते रिपोर्टात दिसतं.
भिंतीचं धुमसणं निववते, गाळावरची साय घट्ट करते,
ते इतकं सरळ आकड्यात येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या बोलायला लागल्या.
पर्वतीच्या पायऱ्या जन्मात मोजल्या नव्हत्या, त्या मोजायला लागलो.
चाळिसावीवर थांबायचं
आणि शहर बघतोय असं दाखवायचं.
शनिपाराजवळच्या व्हॉल्व्हचा नंबर आठवेना,
लिहिला गोळीच्या खात्यावर.
साखर जराशी चढली, तीही.
सुलूवर ओरडलो, तेही.

दिवाळी झाल्यावर सुलूनं डबी पुढ्यात ठेवली.
पंधरा दिवस तुम्ही कॅल्शियम खाताय.
मीच बदलली.
आता सांगा, पोटरी कशीय?

पोटरी दुखत होती.
तेवढीच.
दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही,
पोटरीशीही नाही.

मॅडम आधी सुलूला रागावल्या, असं पुन्हा करायचं नाही.
मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, हसतील.
दुखणं खरंय तुमचं, म्हणाल्या,
पत्ता चुकीचा असेल.
काहींचा बरोबरही असतो. रक्त तपासू.

रिपोर्ट ठीक आला. गोळी परत सुरू.
उजवी पोटरी अजून अधूनमधून काहीतरी म्हणते,
मी ऐकून घेतो.

गळती शोधायला एक सळई असायची आमच्याकडे,
एक टोक रस्त्यावर, एक कानाला.
रिटायर होताना परत करायची राहिली,
दाराच्या मागे उभी आहे.

साडेतीनला जाग येतेच.
कोणीतरी नवा पोरगा चावी फिरवतो.
भिंतीतला नळ आधी खोकतो, हवा टाकतो,
मग पाणी.
उशीत कान दाबून पडलो
की आत दुसरंही एक चालू असतं.
कुठलं कुठलं, हे अंधारात
कधीकधी कळत नाही.