पाच किलो सरकार

थ्योलोच्या चहामळ्यात शिरताना माझ्यापाशी
सरकार म्हणून एवढंच होतं:
कापडी पिशवीत पाच किलोचं पितळी वजन,
ओळखपत्र, त्यावर माझा चार वर्षांपूर्वीचा चेहरा,
आणि उसनी मोटरसायकल,
जिच्या पेट्रोलचं बिल मार्चपासून
ब्लांटायरच्या कुठल्याशा टेबलावर वाळत पडलंय.
जिल्ह्यात मळे एकवीस, निरीक्षक दोन.
दुसरा, फॅनुएल, हिवतापाने घरी.

शेडमध्ये बायका रांगेत. पाठीवर टोपल्या,
कमरेला मेणकापड, एकीच्या पायात दोन वेगळे बूट.
मुलांजे डोंगर ढगात होता,
म्हणजे तिथे आहे असं धरून चालायचं,
माझ्या खात्यासारखंच.

कापिताव, म्हणजे इथला मुकादम, म्हणाला,
"एनिफा मॅडम, आधी चहा घ्या."
म्हटलं, आधी वजन घेते.

आकड्याला पिशवी अडकवली.
काटा थरथरला, निघाला, चार ओलांडले,
आणि साडेचारवर
पोट भरल्यासारखा थांबला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
(मी मनात थोडी वाट पाहिली होती, खोटं कशाला बोलू.)
कापिताव म्हणाला, हवा दमट आहे, स्प्रिंग म्हातारी आहे,
शिवाय ओल्या पानातलं पाणी नको का वजा करायला?
पितळेत पाणी किती, मी विचारलं.
तेव्हा मात्र मागे कुणीतरी खोकल्याआड हसलं.

पंचनामा लिहिला. काट्याला शिशाचं सील ठोकलं.
दंड कायद्यात आहे तेवढाच लिहिला,
त्यात मॅनेजरच्या कुत्र्यांचं आठवड्याचं मटणही येणार नाही.

मग नासिबेको पुढे आली.
बोटांच्या चिरांत पानांचा काळा चीक,
धुऊन न जाणारा.
"पोरी, पाचामागे अर्धा. दहाच्या टोपलीमागे एक.
दिवसाला चार टोपल्या, मी इथे एकोणीस वर्षं.
हा काटा कधीपासून मारतोय?
ते कुठे लिहिलंस?"

फॉर्म उलटा केला, सुलटा केला.
यंत्राच्या क्रमांकाला रकाना होता,
मालकाच्या सहीला होता, शिक्क्याला चौकट होती.
'इतर' या शब्दापुढे दीड ओळ.
त्या दीड ओळीत एकोणीस वर्षं लिहायला घेतली.
अक्षर बारीक केलं, तरी ती समासात गेली,
खाली उतरली, सहीच्या जागेवर पसरली.
मॅनेजरला सही करायची तर आता
तिच्यावरूनच करावी लागेल.

"बघू दे," म्हणून तिने वजन मागितलं,
नुकतं जन्मलेलं मूल घ्यावं तसं
दोन्ही तळव्यांवर घेतलं.
"एवढंच?"
एवढंच, मी म्हटलं.
"जड आहे," ती म्हणाली. "पण रोज येत नाही."
आणि टोपली उचलून रांगेत परत गेली,
कारण दुपारच्या तोडीची वेळ झाली होती
आणि सील ठोकलेल्या काट्याऐवजी
गोदामातून दुसरा येत होता.
तोही तपासला. तो खरा निघाला.
खरा काटा होता त्यांच्याकडे. कुलपात होता.

परतताना उतारावर पिशवी गुडघ्यावर आपटत राहिली.
उद्या नदीपलीकडचा मळा.
जाण्यापुरतं पेट्रोल आहे.
येण्याचं
'इतर' मध्ये लिहीन.