पाचशे मिलिमीटर

शिवडीच्या जेट्टीवर टायटस डाबरेची नळी
माझ्या आधी पोचलेली असते.
हातभर लांब, रंग उडालेली,
पकडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
माझी आरशाची लेन्स आखूड, पोटाची.
"बरणी," तो म्हणतो. "लोणचं घाला तिच्यात."

एकदा भाजीवालीच्या काट्यावर दोन्ही तोलल्या.
त्याची दोन किलो शंभर.
माझी पाऊण किलोला जरा कमी;
बाईने सवयीने वर कोथिंबिरीची काडी टाकली.

आकडा दोघींवर एकच, पाचशे.
पण त्याच्या नळीत प्रकाश सरळ चालत जातो,
माझ्या बरणीत दोनदा मागे वळतो,
छत्री विसरल्यासारखा,
आणि वाटेत थोडा सांडतो.
वर छिद्र ठरलेलं, आठचं. उघडणं-मिटणं नाही.
ऊन गेलं की मी डबा सोडते.
टायटस कडं फिरवत बसतो, टक, टक,
आणि फ्लेमिंगोच्या पायांना जांभळी किनार घेऊन घरी जातो.
जुनी काच. तिच्याकडून एवढं व्हायचंच.

केईएममध्ये एकतीस वर्षं मी एक्स-रे काढले.
श्वास रोखा, म्हणायचे लोकांना.
आता स्वतःला म्हणते.
तो गोदीत क्रेनवर होता, उंचावर.
त्याचं म्हणणं, लांबचं काही जवळ येत नसतं,
मधल्या अंतराची फक्त घडी होते.
म्हणून तर रिफायनरीची चिमणी
पक्ष्याच्या पाठीवर बसलेली दिसते,
त्याच्या फोटोत, आणि माझ्याही.

माझ्या काचेच्या मधोमध काळी टिकली आहे.
फोटोत ती येत नाही.
येते फक्त मागे, धूसर पाण्यात:
उन्हाचा ठिपका न् ठिपका पोकळ होतो,
चिखलभर बांगड्या.
"पाणी असं नसतं हो, कालिंदीबाई."
नसतं. मला ठाऊक आहे.

या फेब्रुवारीत तो नळी न उघडता बसला.
म्हणाला, पक्ष्याकडे बघितलं की पक्षी जातो.
कडेचा चिखल राहतो, तिवरं राहतात, तुमची चप्पल दिसते.
डॉक्टरांनी पडद्याचं काहीतरी नाव सांगितलं.
मग हात पुढे केला:
"बरणी द्या जरा."

बराच वेळ डोळा लावून होता.
कुठला डोळा, ते मी पाहिलं नाही.
"हिच्या मधे टिकली. मग हिला मधलं दिसतं कसं?"
मी सांगितलं, काठाकाठाने आलेला प्रकाश
मागे जाऊन जुळतो.
एक्स-रेवाल्या आवाजातच सांगितलं बहुधा.
तो हसला नाही.
"हलकी आहे," एवढंच म्हणाला.

भरती चढली, पक्षी माहुलकडे उठले.
आम्ही दोघांनीही काढले नाहीत.
गेटपर्यंत त्याची नळी मी घेतली,
बरणी त्याच्या गळ्यात.
भाजीवालीने काटा पुढे सरकवला, गमतीने.
मी नको म्हटलं.
दोन किलो शंभर.